पाण्यातील अणूंची गणती

पावसाळ्याच्या पहिल्या लोंढ्यानंतर नदीचे पाणी गढूळ होते, तेव्हा ते पिण्याजोगे नाही हे सांगायला कोणी शास्त्रज्ञ लागत नाही. ते डोळ्यांना दिसते. पाणी कुजले असेल तर नाकाला कळते, मचूळ असेल तर जिभेला कळते. निसर्गाने आपल्याला ही तीन परीक्षणयंत्रे जन्मतःच दिलेली आहेत आणि आपल्या आया-आज्यांनी केवळ त्यांच्या आधारावर पिढ्यान् पिढ्या घरचे पाणी पारखले. परंतु गेल्या शतकात माणसाने पाण्यात अशी काही द्रव्ये मिसळली की ज्यांना रंग नाही, वास नाही, चवही नाही. ती आहेत की नाहीत आणि असलीच तर किती आहेत, याचा निवाडा केवळ मोजणीनेच होऊ शकतो. ही मोजणी कशी करतात आणि तिच्यावर विश्वास का व केव्हा ठेवावा, हा आजचा आमचा विषय आहे.

विषय रूक्ष वाटेल. पण या मोजणीवरून एके काळी दोन देशांच्या शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला होता. तो वाद सांगितला म्हणजे मोजणीचे महत्त्व आपोआप ध्यानात येईल.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबचा स्फोट केला. त्याची शक्ती दीड कोटी टन टीएनटी या स्फोटकाइतकी होती. त्या वेळी जपानची एक मासेमारी नौका त्या भागात होती. तिच्यावर पांढरी राख पडली. नौकेवरील तेवीसही माणसे आजारी झाली आणि त्यांतील तारायंत्रचालक त्याच वर्षी सप्टेंबरात मरण पावला. जपानी माणसाचे जेवण मासळीवाचून होत नाही. बाजारात आलेली मासळी तपासून टाकून देण्याची पाळी आली, तेव्हा साऱ्या देशाच्या तोंडी एकच प्रश्न होता : समुद्राचे पाणी किती बाटले आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत टोकियोच्या हवामानसंशोधन संस्थेतील यासुओ मियाके आणि त्यांच्या सहकारी कात्सुको सारुहाशी ही दोन नावे प्रमुख आहेत. सारुहाशीबाईंचा जन्म १९२० सालचा. टोकियो विद्यापीठाची रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. ती त्यांना १९५७ साली मिळाली. जपानजवळच्या पाण्यात त्यांना सीझियम-१३७ हे किरणोत्सर्गी द्रव्य बरेच आढळले. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील पाण्यात तेथील शास्त्रज्ञांना मिळालेले आकडे त्या मानाने फारच लहान होते. एवढा अफाट महासागर, त्यात स्फोटाची राख विरून जाणारच, अशी अनेकांची समजूत होती. साहजिकच, जपानी आकडे चुकीचे असावेत, त्यांच्या पद्धतीतच काही दोष असावा, अशी शंका अमेरिकेत घेतली गेली.

आता चूक कोणाची? वादाचा निकाल आम्ही शेवटी सांगू. तत्पूर्वी ही मोजणी इतकी बिकट का, हे पाहिले पाहिजे.

किरणोत्सर्गी अणू म्हणजे अस्थिर अणू. तो केव्हा तरी फुटतो आणि फुटताना किरण बाहेर टाकतो. कोणता अणू केव्हा फुटेल हे सांगता येत नाही. पण एका जातीच्या पुष्कळ अणूंपैकी निम्मे किती काळात फुटतील हे मात्र निश्चित असते. त्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे आहे. दर सेकंदाला एक अणू फुटत असेल, तर त्या प्रमाणाला एक बेकरेल म्हणतात. आपल्या शरीरातील नैसर्गिक पोटॅशियममुळेच सुमारे चार हजार बेकरेलचा किरणोत्सर्ग आपण प्रत्येक जण जन्मभर घेऊन वावरत असतो. म्हणजे हा शब्द ऐकताच दचकण्याचे कारण नाही.

बाँबचाचण्यांचा अवशेष म्हणून आज पॅसिफिकच्या पृष्ठभागावरील पाण्यात एका घनमीटरमागे, म्हणजे हजार लिटरमागे, साधारण एक ते दोन बेकरेल सीझियम-१३७ सापडते. एक बेकरेल म्हणजे वजनाने किती? हिशेब केला तर सुमारे १३७ कोटी अणू येतात. संख्या ऐकून छाती दडपते. पण त्यांचे वजन पाहावे. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यांतील एका भागाचाही तिसरा हिस्सा! जगातला कोणताही तराजू हे तोलू शकणार नाही.

अडचण एवढ्यावर थांबत नाही. समुद्राच्या पाण्यात साधे, निरुपद्रवी सीझियमही असतेच. ते या किरणोत्सर्गी सीझियमच्या सुमारे शंभर कोटी पट असते. दोघांचे रासायनिक गुणधर्म सारखेच, त्यामुळे रसायनाने त्यांची फारकत करता येत नाही. शिवाय त्याच पाण्यात नैसर्गिक पोटॅशियम-४० असते आणि त्याचा किरणोत्सर्ग हजार लिटरमागे सुमारे बारा हजार बेकरेल भरतो. बारा हजारांच्या गोंगाटात आपल्याला एका-दोघांचा आवाज टिपायचा आहे. जत्रेच्या गर्दीत एखादे लेकरू आईला हाक मारते आणि ती हाक तेवढी ओळखायची, अशातला हा प्रकार आहे.

मग उपाय काय? पहिला उपाय म्हणजे पुष्कळ पाणी घ्यायचे आणि त्यातील सीझियम एका चिमटीत गोळा करायचे. ही युक्ती आपल्या घरांतून कित्येक पिढ्या चालत आलेली आहे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की इतस्ततः तरंगणारी माती एकत्र होऊन तळाशी बसते आणि वर निवळ पाणी राहते. प्रयोगशाळेतही हेच करतात. फरक इतकाच की, तेथे निवळ पाणी टाकून देतात आणि तळाचा साका जपून ठेवतात! सीझियमकरिता अमोनियम फॉस्फोमॉलिब्डेट नावाची पिवळी पूड वापरतात. आम्ल घातलेल्या पाण्यात ही पूड ढवळली असता ती सीझियमला धरून ठेवते आणि पोटॅशियम बहुतांशी पाण्यातच राहते. शंभर लिटर पाण्यातील सीझियम अशा रीतीने काही ग्रॅम पुडीत येऊन बसते.

वाचायला हे सोपे वाटते, पण प्रत्येक पायरीला एक दगा आहे. पाणी भरल्याबरोबर त्यात आम्ल घातले नाही, तर काही द्रव्यांचे अणू भांड्याच्याच भिंतींना चिकटतात आणि पाण्यात कमी मोजले जातात. पुडीचा काही भाग गाळताना सांडतो. मुळातच मूठभर अणू. त्यांतले किती हाती आले आणि किती वाटेत हरवले, हे कसे समजावे? त्यासाठी रसायनज्ञ आरंभीच त्या पाण्यात साध्या सीझियमचे नेमके तोललेले वजन मिसळतात. एकट्यादुकट्या उतारूसाठी एसटी थांबेलच असे नाही. पण तोच वऱ्हाडात सामील झाला की बिनघोर मुक्कामी पोहोचतो. तसे हे मूठभर अणू साध्या सीझियमच्या वऱ्हाडाबरोबर साक्यापर्यंत पोहोचतात. शेवटी वऱ्हाडाची मोजदाद करायची. शंभरांपैकी नव्वद पोहोचले असतील, तर किरणोत्सर्गी पाहुण्यांपैकीही नव्वद टक्केच पोहोचले असे समजून आकडा दुरुस्त करायचा. दोघांचे रासायनिक गुण सारखे असणे, ही जी मघाशी अडचण वाटली, तीच येथे सोय ठरते.

दुसरा उपाय शांततेचा. सीझियम-१३७ फुटल्यानंतर एका ठराविक शक्तीचा गॅमा किरण बाहेर पडतो. ती शक्ती ६६२ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. अतिशुद्ध जर्मेनियमचा स्फटिक अतिशय थंड करून ठेवला, तर तो आपल्यावर पडलेल्या प्रत्येक किरणाची शक्ती अचूक सांगतो. माणसाला आवाजावरून ओळखावे, तसे किरणाच्या शक्तीवरून मूलद्रव्य ओळखता येते. पण भिंतीतील विटा, जमिनीतील दगड, आकाशातून येणारे विश्वकिरण हे सारे त्या स्फटिकावर सतत आदळत असतात. म्हणून त्याच्याभोवती शिशाची जाड भिंत उभारतात. गंमत अशी की, नव्या शिशात स्वतःचाच किरणोत्सर्ग असतो आणि तो ओसरायला कित्येक दशके जातात. म्हणून जुने शिसे सोन्याच्या मोलाने जपले जाते. जपानमध्ये ओगोया येथे तांब्याच्या एका बंद पडलेल्या खाणीच्या बोगद्यात अशी प्रयोगशाळा आहे. डोक्यावर डोंगर असल्याने विश्वकिरण अडतात. तेथील यंत्रांभोवती कानाझावाच्या जुन्या किल्ल्याच्या छपरावरील शिसे वापरलेले आहे. ज्या शिशाने एके काळी सरदारांच्या माथ्यावरचा पाऊस अडवला, तेच आज अणूंच्या मोजणीत किरण अडवीत आहे!

तिसरा उपाय धीराचा. समजा, शंभर लिटर पाणी घेतले आणि त्यात हजार लिटरला दीड बेकरेल या प्रमाणात सीझियम आहे. तर तासाभरात ५४० अणू फुटतील. त्यांपैकी शेकडा ८५ वेळाच तो विशिष्ट गॅमा किरण निघतो आणि त्यांतील समजा शेकडा ३ यंत्राला गवसतात. म्हणजे तासाला फार तर चौदा नोंदी. आता पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांची आठवण करावी. सर एकसारखी असली तरी एका मिनिटात दहा थेंब पडतात, तर पुढच्या मिनिटात तेरा. अणूंचे फुटणेही असेच लहरी आहे. गणित असे सांगते की शंभर नोंदी मोजल्या तर सुमारे दहांचा फरक पडू शकतो, म्हणजे शेकडा दहा. हजार नोंदींत सुमारे बत्तिसांचा, म्हणजे शेकडा तीन. हजार नोंदी हव्या असतील तर वरील नमुना तीन दिवस, तीन रात्री यंत्रासमोर ठेवावा लागेल. मग तितकाच वेळ यंत्र रिकामे ठेवून पार्श्वभूमीचा गोंगाट मोजावा लागेल आणि तो वजा करावा लागेल. वापरलेल्या पुडीत किंवा आम्लात आधीचेच काही नव्हते ना, हे पाहण्याकरिता सारी कृती एकदा निव्वळ शुद्ध पाण्यावरही करावी लागते. एक आकडा छापण्यामागे एवढे सोपस्कार असतात.

सगळी द्रव्ये सीझियमइतकी सरळ नसतात. स्ट्राँशियम-९० मुळीच गॅमा किरण देत नाही आणि रसायनाने ते कॅल्शियमसारखे असल्याने हाडांत जाऊन बसते. त्याला पकडण्याची रीत मोठी मौजेची आहे. ते फुटले की त्याचे इट्रियम-९० होते. म्हणून स्ट्राँशियम वेगळे काढून दोन आठवडे नुसते ठेवून देतात. तेवढ्यात त्यात इट्रियमचे नवे पीक जवळजवळ पूर्ण येते. ते कापून घेऊन मोजले, की मूळ स्ट्राँशियमचा अंदाज लागतो. ट्रिटियम तर याहून अवघड, कारण तो हायड्रोजनचाच भाऊ. तो पाण्यात मिसळलेला नसतो. तो पाणीच होऊन राहतो. त्याला तुरटी लागू पडत नाही. त्याची मोजणी एकावर अठरा शून्ये इतक्या हायड्रोजन अणूंमागे एक ट्रिटियम अणू, या मापाने करतात. पाण्यातून वीज सोडली असता हलका हायड्रोजन आधी उडून जातो आणि ट्रिटियम मागे रेंगाळतो. बासुंदीसाठी दूध आटवावे तसे पाणी आटवीत नेऊन तो दाट करतात आणि मग मोजतात. या मोजणीचा एक अनपेक्षित लाभ झाला. चाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धातील पावसात ट्रिटियमचे प्रमाण फार वाढले होते. त्या खुणेवरून विहिरीतले पाणी त्या काळाआधी मुरले की नंतर, हे भूजलशास्त्रज्ञांना ओळखता येऊ लागले. अशा पावसाचे नमुने जमविण्यासाठी आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांनी जे जाळे उभारले, त्यात आपल्या मुंबईचाही समावेश होता.

आता दुसरा प्रश्न. द्रव्य सापडले, पण ते कोणाचे? ११ मार्च २०११ रोजी जपानात भूकंप व त्सुनामी झाली आणि फुकुशिमा येथील अणुवीजकेंद्र निकामी झाले. एप्रिलच्या आरंभी तेथील पाणी समुद्रास मिळते त्या जागी सीझियम-१३७ चे प्रमाण लिटरमागे ६८ हजार बेकरेलपर्यंत गेले होते. ते पाणी प्रवाहाबरोबर पूर्वेस निघाले. पलीकडच्या किनाऱ्यावर ते कधी पोहोचणार आणि किती पोहोचणार, ही चिंता कॅनडा-अमेरिकेतील लोकांना लागली. केन बुसेलर या सागरशास्त्रज्ञांनी २०१४ साली नागरिकांनाच हाक दिली : तुमच्या किनाऱ्यावरचे पाणी तुम्ही भरून पाठवा, खर्चाला वर्गणी काढा, मोजणी आम्ही करतो. शाळा-मंडळांतली, गावागावांतली साधी माणसे समुद्रात उतरून वीस-वीस लिटरचे पिंप भरू लागली.

फेब्रुवारी २०१५ मध्ये कॅनडाच्या युक्लुलेट या गावच्या धक्क्यावर भरलेल्या पाण्यात सीझियम-१३७ हजार लिटरला ५.८ बेकरेल निघाले आणि सीझियम-१३४ निघाले १.४ बेकरेल. हा १३४ चा आकडाच साक्षीदार होय. त्याचे अर्धायुष्य दोन वर्षांहून किंचित अधिक आहे. साठ सालच्या चाचण्यांतून ते आले असते, तर केव्हाच संपले असते. तेव्हा ते फुकुशिमाचेच. आता आपणच हिशेब करू. फुकुशिमातून दोन्ही सीझियम जवळपास समप्रमाणात बाहेर पडली होती. चार वर्षांत १३४ चा सुमारे चौथा हिस्सा उरतो, म्हणजे आजचे १.४ हे मूळचे सुमारे ५.२ असणार. तितकेच १३७ तेव्हा निघाले असेल. त्यातील थोडे घटून सुमारे ४.८ उरले. ५.८ मधून ४.८ गेले, राहिले १. हे एक म्हणजे जुन्या बाँबचाचण्यांचा वारसा. घागरभर पाण्याने दोन पिढ्यांच्या दोन करण्या वेगवेगळ्या करून दाखविल्या!

हा आकडा भयंकर आहे काय? जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सीझियम-१३७ ची जी मार्गदर्शक पातळी सांगितली आहे, ती लिटरला १० बेकरेल, म्हणजे हजार लिटरला दहा हजार. युक्लुलेटचा आकडा तिच्या हजाराव्या भागाहूनही लहान आहे. येथे दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. 'सापडले' याचा अर्थ 'घातक' असा नव्हे, कारण आजची यंत्रे घातक पातळीच्या कितीतरी खालचे टिपतात. आणि 'सापडले नाही' याचा अर्थ 'नाही' असाही नव्हे. आमच्या यंत्राच्या आवाक्यापेक्षा कमी आहे, एवढाच तो. म्हणून कोणी 'आढळले नाही' असे सांगितले, तर आपण विचारावे : किती पाणी घेतले? किती वेळ मोजले? किती असते तर सापडले असते? या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील, तर त्या 'नाही'ला किंमत नाही.

२४ ऑगस्ट २०२३ पासून फुकुशिमातील साठविलेले पाणी शुद्ध करून, पण ट्रिटियम काढता येत नसल्याने तो लिटरला १,५०० बेकरेलच्या खाली येईल इतके पातळ करून समुद्रात सोडले जाऊ लागले. आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातील ट्रिटियमची पातळी १०,००० आहे. आकडे आश्वासक आहेत. तरीही मच्छीमार आणि शेजारी देश साशंक राहिले. कारण विश्वास आकड्यावर बसत नसतो, तो मोजणाऱ्यावर बसतो. म्हणूनच एकाच पाण्याचे नमुने वेगवेगळ्या देशांतील प्रयोगशाळांना वाटून उत्तरे ताडून पाहण्याची प्रथा पडली आहे. आपल्याकडेही तारापूरसारख्या अणुवीजकेंद्राच्या परिसरातील पाणी, मासळी, माती यांची तपासणी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळा करीत असतात. तेथील कोळीवाड्यांतील माणसांचे पोट समुद्रावर आहे. ते आकडे त्यांना समजतील अशा भाषेत त्यांच्यापर्यंत पोहोचणे, हाही मोजणीचाच शेवटचा टप्पा समजला पाहिजे.

आता त्या वादाचा निकाल. १९६२ साली सारुहाशीबाई अमेरिकेच्या स्क्रिप्स सागरसंशोधन संस्थेत गेल्या. तेथील थिओडोर फोल्सम आणि त्या, दोघांनी एकच समुद्रजल आपापल्या पद्धतीने तपासले. आकडे जुळले. जपानी पद्धत निर्दोष ठरली आणि १९६३ साली दोघांनी मिळून तो निष्कर्ष प्रसिद्ध केला. मग तफावत कशाची? चूक पद्धतीत नव्हती. समुद्रच दोन्हीकडे सारखा नव्हता. बिकिनीजवळून सागरप्रवाह पश्चिमेकडे जातो आणि तेथून वळून जपानच्या किनाऱ्याने वर चढतो. राख साऱ्या महासागरात सारखी विरून गेलीच नव्हती. ती जपानच्या दाराशी अधिक आली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॉस्को येथे हवेतील, पाण्यातील व अंतराळातील अणुचाचण्या थांबविण्याच्या करारावर सह्या झाल्या. त्यामागे अनेक कारणे होती. पण राख कोठे आणि किती पडते, हे निःसंशय सांगणारे आकडे नसते तर जगाचे लोकमत जागे झाले नसते.

लहानपणी शाळेच्या खिडकीच्या काचेवरून ओघळणारे पावसाचे थेंब पाहून सारुहाशींना प्रश्न पडला होता म्हणतात : हा पाऊस कशामुळे पडतो? पुढे त्याच थेंबांत माणसाने काय मिसळले, हे मोजण्यात त्यांचे आयुष्य गेले. घरचे पाणी पारखणाऱ्या आपल्या आया-आज्यांची डोळा, नाक, जीभ ही यंत्रे येथे थकली. पण त्यांची वृत्ती थकलेली नाही. घरच्यांना पाजण्यापूर्वी पाणी पारखून घ्यावे, हीच ती वृत्ती. ओगोयाच्या बोगद्यात तीन-तीन रात्री अणू मोजीत बसणारे संशोधक त्याच वृत्तीचे वारस आहेत, असे आम्ही समजतो.